आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून घेताय? आधी करार, मग गेट पास

दर वर्षी आयटीआयचे निकाल लागले की महिन्याभरात मला एकाच छापाचे फोन सुरू होतात. "अहो, सहा पोरं लावून घेतलीत, आता ते सरकारचे पोरामागे महिन्याचे पंधराशे कसे मिळवायचे?" मी विचारतो करार कधी केला, तर पलीकडून आवाजच येत नाही. करार झालेलाच नसतो. पोरं महिनाभर मशीनवर उभी, हातात कंपनीचं एक साधं 'ट्रेनी लेटर', आणि शेठ समजतोय की आपण अप्रेंटिस घेतले. अप्रेंटिस म्हणजे सरकारी पोर्टलवर करार नोंदवून ठरावीक मुदतीसाठी काम शिकायला घेतलेला मुलगा.

फॉर्म भरणं कोणालाही जमतं हो, पण क्रम उलटा करतात आणि नंतर निस्तरत बसतात. म्हणून हे क्रमानेच लिहितोय. एमआयडीसीतल्या वीसपासून दोनशे माणसांच्या कारखान्यासाठी आहे, मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

१. कोणत्या खिडकीत उभं राहायचं ते ठरवा

सरकारची दोन वेगवेगळी दारं आहेत आणि अर्धा घोळ इथेच होतो.

आयटीआय पास, दहावी-बारावी पास, शॉर्ट टर्म कोर्स केलेली मुलं घ्यायची असतील तर नॅप्स (नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम), तिचं पोर्टल अप्रेंटिसशिप इंडिया. हे कौशल्य विकास मंत्रालयाचं. डिप्लोमा किंवा डिग्रीवाली घ्यायची तर नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम), हे शिक्षण मंत्रालयाचं, आपल्या पश्चिम विभागाचं बोर्ड मुंबईत आहे. दोन्हींचा कायदा एकच, १९६१ चा अप्रेंटिस ॲक्ट, पण पोर्टल वेगळं, लॉगिन वेगळं, पैशाचा हिशोब वेगळा.

डिप्लोमावाला मुलगा नॅप्सच्या ऑप्शनल ट्रेडमध्येही (सरकारच्या ठरलेल्या ट्रेडच्या यादीबाहेरचं काम) बसवता येतो, आणि बरेच जण लॉगिन आहेच म्हणून तसंच करतात. पण नॅट्समध्ये सरकारचा वाटा जास्त असतो, तेव्हा एवढ्यासाठी आळस करू नका. एकच मुलगा दोन्हीकडे दाखवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, आधारवर सगळं जुळतं.

तिसरा प्रकार ड्युअल सिस्टीमचा. त्यात मुलगा आयटीआयचाच विद्यार्थी राहतो, कोर्समधले काही महिने तुमच्याकडे शिकतो आणि त्यासाठी आयटीआय आणि कंपनीत सामंजस्य करार होतो. तो अप्रेंटिस नसतो. याला तयारी आदल्या वर्षापासून लागते, त्यामुळे पहिल्यांदाच करणाऱ्यांनी यात पडू नका, आधी एक बॅच अप्रेंटिसची नीट काढा.

२. माणसं मोजा, कंत्राटी धरून

तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. चार ते एकोणतीस असतील तर तुमची मर्जी. २०१९ च्या नियमबदलापासून हे आकडे आहेत, त्याआधी वेगळे होते, म्हणून जुने अकाउंटंट कधीकधी चाळीस सांगतात, ते ऐकू नका.

मोजताना कंत्राटदाराची माणसं पण धरायची असतात. आपल्या पगारपत्रकावर बावीस आणि कंत्राटी अठरा, म्हणजे झाले चाळीस. शेठ म्हणतो आम्ही बावीसच, आम्हाला लागू नाही. लागू आहे. चाळीसवर अडीच टक्के म्हणजे कमीत कमी एक आणि पंधरा टक्के म्हणजे जास्तीत जास्त सहा, एवढ्यात बसवायचं.

तपासा: सहाच्या जागी दहा घ्यायचे म्हटलं तर वरचे चार योजनेत बसणार नाहीत. स्वस्तात माणसं मिळतात म्हणून अर्धी लाईन अप्रेंटिसवर चालवायचा बेत असेल तर तो इथेच अडतो, आणि अडायलाच हवा असं माझं मत.

३. पैशाचं गणित आधी, पोरं नंतर

नॅप्समध्ये सरकार स्टायपेंडच्या, म्हणजे शिकताना दर महिन्याला द्यायच्या पैशाच्या, २५ टक्के देतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये. आता गंमत बघा, सहा हजाराचे पंचवीस टक्के म्हणजे बरोबर पंधराशे. म्हणजे सहा हजाराच्या वर तुम्ही सात द्या, बारा द्या नाहीतर पंधरा द्या, सरकारचे पंधराशेच. "बारा हजार दिले तर तीन हजार परत येतील" असं धरून बजेट केलेले लोक मी पाहिलेत.

२०१९ च्या नियमातले किमान दर असे: पाचवी ते नववी ५०००, दहावी ६०००, बारावी ७०००, आयटीआय ७०००, डिप्लोमा ८०००, डिग्री ९०००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी आणखी पंधरा टक्के. दर बदलत असतात, म्हणून करार करायच्या दिवशी पोर्टलवर त्या दिवशीचा दर बघूनच आकडा टाका.

पण खरं सांगायचं तर सात हजारात चाकण-भोसरीला कोण येणार? खोलीभाडं आणि मेसमध्येच ते संपतात. मुलगा गावाकडून एसटीने येऊन-जाऊन करणार असेल तर गोष्ट वेगळी. मी साधारण हिशोब असा मांडून देतो: चार आयटीआयवाले, प्रत्येकी १२०००, म्हणजे महिन्याला ४८०००. सरकारचे चार गुणिले पंधराशे म्हणजे ६०००. कंपनीच्या खिशातून ४२०००, वर्षाचे पाच लाख चार हजार. यात सेफ्टी शूज, युनिफॉर्म, कॅन्टीन आणि अपघात विमा धरलेला नाही, तो वेगळा काढा.

नॅट्समध्ये किमान दराच्या निम्मे सरकारचे, म्हणजे वरच्या दराने डिग्रीला ४५०० आणि डिप्लोमाला ४०००. तिथेही तुम्ही जास्त दिलं तर वरचा भार तुमचाच.

थांबा: सरकारचा वाटा तुमच्या खात्यात येत नाही. तो डीबीटीने थेट पोराच्या खात्यात जातो. जुन्या पद्धतीत कंपनी आधी सगळं द्यायची आणि मग परत मागायची, ती सवय अजून गेलेली नाही. आता कंपनीने आपला वाटा द्यायचा, सरकारचा वेगळा येतो. तुम्ही पूर्ण बारा हजार दिले तर पोराला साडेतेरा मिळतील आणि ते दीड हजार तुम्ही कोणाकडे मागणार? आणि पोराला पहिल्या दिवशीच कागदावर लिहून सांगा की इतके कंपनीकडून, इतके सरकारकडून, सरकारचे उशिरा येऊ शकतात. हे न सांगितल्यामुळे पहिल्याच पगाराला भांडणं होतात, "बारा सांगितले आणि साडेदहा दिले".

४. कागद आणि रजिस्ट्रेशन

पॅन, जीएसटी, उद्यम किंवा फॅक्टरी लायसन्स, पीएफ कोड असेल तर तो, बँक खातं, माणसांची संख्या. फार नाही, अर्ध्या दिवसाचं काम.

एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. रजिस्ट्रेशनला मोबाईल आणि ईमेल कंपनीचा द्या, एचआरच्या पोरीचा किंवा अकाउंटंटचा स्वतःचा नको. ती नोकरी सोडून जाते, ओटीपी तिच्या मोबाईलवर जातो, आणि मग तुम्ही लॉगिन परत मिळवायला तालुक्याच्या कचेरीत फिरल्यासारखे मेलवर मेल पाठवत बसता, तोवर हजेरी तुंबते आणि पोरांचे पैसे अडकतात. ऑफिससाठी वेगळं सिम घ्या हवं तर, आणि पासवर्ड मालकाच्या वहीत लिहून ठेवा.

५. आयटीआयला स्वतः जा

पोर्टलवर जागा टाकली की पोरं आपोआप येतात असा समज असेल तर सोडून द्या. अर्ज येतात, नांदेडपासून येतात, पण निम्मे फोनच उचलत नाहीत. पोरं खात्रीने मिळतात ती आयटीआयमधून, आणि त्यासाठी निकालाच्या आधी दोन-तीन महिने जायला लागतं. निकालानंतर गेलात तर चांगली पोरं मोठ्या कंपन्यांनी उचललेली असतात.

तिथे कोणाला भेटायचं? प्राचार्यांना भेटाच, पण खरं काम शिल्प निदेशकाकडे, म्हणजे त्या ट्रेडचे जे सर असतात त्यांच्याकडे. कुठल्या पोराचा फाईलवर हात बसलाय आणि कोण नुसता हजेरीला यायचा हे त्यांनाच माहीत. प्लेसमेंट बघणारे सर वेगळे असतात, त्यांचा नंबर घ्या. आणि जिल्ह्याच्या आयटीआयला जोडून बीटीआरआय असतं, पाटीवर मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असं लांबलचक नाव असतं, अप्रेंटिसचे करार, थिअरीचे वर्ग, परीक्षा हे सगळं तिथून चालतं. तिथे एक चहा पिऊन या, वर्षभर उपयोगी पडतो.

जाताना एक पानाची माहिती न्या. मशीन कोणती आहेत, शिफ्ट कधी, स्टायपेंड किती, जेवण आहे का, कंपनीपासून बसस्टॉप किती लांब, मुलींसाठी वेगळं टॉयलेट आहे का. हो, हे पण लिहा, मुलींचे पालक आधी तेच विचारतात आणि बरोबर विचारतात. "पगार आकर्षक" असलं काही लिहू नका, आकडा लिहा.

जमलं तर सरांना आणि पाच-सहा पोरांना एकदा शॉपफ्लोअर दाखवायला बोलवा. कामाचं स्वरूप बघून ज्याला नको तो आधीच गळतो, करार झाल्यावर पंधराव्या दिवशी गळण्यापेक्षा ते परवडलं.

थेट दहावी-बारावीवाली फ्रेशर घेणार असाल तर त्यांना आधी बेसिक ट्रेनिंग द्यावं लागतं, बीटीआरआयमध्ये किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी. आयटीआय पास झालेल्याला त्याच्या ट्रेडसाठी ते पुन्हा लागत नाही. पहिल्या वर्षी म्हणून मी आयटीआयवालेच घ्यायला सांगतो.

६. काय शिकवणार ते लिहून काढा

हे सगळे टाळतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असे डेझिग्नेटेड ट्रेड असतील तर अभ्यासक्रम ठरलेला आहे, तो उतरवून घ्यायचा आणि त्यातलं आपल्याकडे काय काय होतं त्यावर खूण करायची. आपल्या कामाला कुठला ट्रेड बसतच नसेल तर ऑप्शनल ट्रेड निवडायचा, तिथे कालावधी सहा महिने ते छत्तीस महिने असू शकतो, आणि अभ्यासक्रम तुम्हीच तयार करून टाकायचा असेल तर मंजुरीला वेळ जातो, तो हिशोबात धरा.

मग वर्षाचे बारा महिने कागदावर मांडा. दोन महिने ड्रिलिंग आणि मार्किंग, तीन महिने लेथ, दोन महिने मेंटेनन्सवाल्यांबरोबर, एक महिना क्वालिटीत गेज घेऊन, असं. समोर शिकवणाऱ्याचं नाव लिहा. "सगळेच शिकवतील" म्हणजे कोणीच शिकवत नाही. आणि ज्याचं नाव लिहिलं त्याच्या रोजच्या टार्गेटमधून थोडं कमी करा, नाहीतर तो पोराला झाडू देऊन मोकळा होतो.

तपासा: हा कागद वाचून तुमच्याच सुपरवायझरला सांगता आलं पाहिजे की पाचव्या महिन्यात हा पोरगा कुठे उभा असेल. नाही सांगता आलं तर परत लिहा.

७. करार, आणि मगच गेटच्या आत

आता क्रम नीट बघा. पोर्टलवर तुमची जागा टाकायची. मुलाने स्वतःचं रजिस्ट्रेशन करायचं, आधारचं ई-केवायसी करायचं. तुम्ही ऑफर पाठवायची, त्याने मान्य करायची. करार तयार होतो, दोन्ही बाजू मान्य करतात, अठराच्या आतला असेल तर पालक लागतात. करार नोंदणीला जातो. यानंतर करारावर जी तारीख आहे त्या तारखेला मुलगा कामावर.

यात चुका होतात त्या अशा.

नावं जुळत नाहीत. मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर आडनाव शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही, एकीकडे 'राव' लावलंय दुसरीकडे नाही. हे परीक्षेच्या वेळी नडतं, तेव्हा आधार दुरुस्त करायचं असेल तर करारापूर्वीच करून घ्या.

बँक खातं. "आधार लिंक आहे" म्हणतो पोरगा, पण डीबीटीसाठी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघावं लागतं. जे खातं शेवटी जोडलं गेलं तिथे पैसे जातात. शाळेत स्कॉलरशिपसाठी काढलेलं खातं बंद पडलेलं असतं किंवा मोबाईलच्या दुकानात सिम घेताना कुठल्यातरी पेमेंट बँकेचं उघडलं गेलेलं असतं, पैसे तिकडे जाऊन बसतात आणि पोरगा तुमच्या नावाने ओरडतो. बँकेत पाठवून खात्री करून आणायला सांगा, तोंडी नको.

वय. चौदा पूर्ण लागतं, धोक्याच्या उद्योगात अठरा. प्रेसशॉप, फाउंड्री, केमिकल असेल तर अठराच्या खालचा घेऊच नका, दुसरा विचारही करू नका.

आणि सगळ्यात मोठी चूक, वर म्हटली तीच, आधी काम आणि मग करार. एका कारखान्यात मी हे जवळून बघितलंय. पोरं एक ऑगस्टला आली, करार व्हायला सप्टेंबर उजाडला, आणि मधल्या दिवसांत एकाचं बोट ड्रिलमध्ये गेलं. ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, कारण म्हणे अप्रेंटिस. अप्रेंटिस म्हणून कागद नाही, कारण करार नाही. दवाखान्याचं बिल शेवटी मालकाने भरलं ते ठीक, पण त्या मुलाच्या बापाला उत्तर द्यायला ऑफिसात कोणी बसलं नव्हतं, मीच बसलो होतो.

अप्रेंटिस ॲक्टखाली नोंदलेल्या मुलाला पीएफ-ईएसआय लागत नाही हे खरं. पण ते करार असलेल्याला. नुसतं ट्रेनी लेटर देऊन मशीनवर उभा केलेला मुलगा पीएफवाल्यांच्या नजरेत तुमचा कामगारच, आणि मागची सगळी वर्गणी व्याजासकट निघू शकते.

तपासा: करार नंबर हातात आहे? सुरुवातीची तारीख बरोबर आहे? असेल तरच सिक्युरिटीला नाव द्या.

८. पहिला आठवडा मशीनवर नाही

पहिला दिवस कागद आणि बूट. बूट कंपनीचेच, "पगारातून कापू" नको. मग आपत्कालीन स्विच कुठे, फायर एक्स्टिंग्विशर कुठे, पॉवर प्रेसला हात कुठपर्यंत, हातमोजे कुठे घालायचे आणि ड्रिल-लेथवर का घालायचे नाहीत. हे शेवटचं विशेष सांगा, नवीन पोरं सेफ्टी म्हणून लेथवर हातमोजे घालतात आणि हात आत ओढला जातो.

कारखान्यातल्या आरोग्य-सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदी अप्रेंटिसलाही लागू असतात, आणि कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी कंपनीची. म्हणून ग्रुप अपघात विम्यात त्यांची नावं पहिल्या दिवसापासून टाका. एजंटला करार नंबरसकट यादी पाठवायची, इतकंच.

९. दर महिन्याला न चुकता

हजेरी पोर्टलवर भरा. स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यात टाका, रोख नको, रोख दिल्याचा पुरावा काय दाखवणार. तुम्ही हजेरी आणि पेमेंट भरलं नाही की सरकारचा वाटा पण हलत नाही, आणि यात तुमचं काही जात नाही, जातं ते पोराचं. म्हणून मी कॅलेंडरवर पाच तारखेला लाल गोल करून ठेवायला सांगतो, दहाची वाट बघू नका.

कॅज्युअल किंवा मेडिकल रजेचे पैसे कापायचे नाहीत. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं कापतो म्हणून यांचंही कापलं, असं होतं, मग तक्रार जाते.

ओव्हरटाईम देऊ नका. कायद्यात अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय ओव्हरटाईम नाहीच. दिवाळीआधी डिस्पॅचची घाई असते, पोरं पण म्हणतात साहेब थांबतो, दोन पैसे मिळतील. तरी नको. रात्रपाळीचंही तसंच, परवानगी नसेल तर पोरं दिवसपाळीतच.

लॉगबुक रोज लिहायला लावा, दोन ओळी पुरेत. शनिवारी सुपरवायझरची सही. अकराव्या महिन्यात बसून एका पेनाने अख्खं वर्ष भरलेली वही बीटीआरआयचे सर लांबून ओळखतात.

पोरगा मध्येच गेला तर? जातात, दहातले दोन-तीन जातात असं धरूनच चाला. पण तो गेला म्हणून गप्प बसायचं नाही, करार पोर्टलवर रीतसर रद्द करा. नाहीतर तुमच्याकडे तो कागदावर अडकलेला आणि त्याला दुसरीकडे करार करता येत नाही.

१०. परीक्षा आणि त्यानंतर

डेझिग्नेटेड ट्रेडला शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट असते, पास झाला की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. परीक्षेचा फॉर्म वेळेत भरला गेला का हे कंपनीने बघायचं असतं, आणि इथे बऱ्याच जागी कोणीच बघत नाही. पोराला वाटतं कंपनी भरेल, कंपनीला वाटतं बीटीआरआय भरेल. करार संपायच्या तीन महिने आधी बीटीआरआयला फोन करून हॉल तिकिटासाठी काय काय लागतं ते विचारा आणि परीक्षेच्या आठवड्यात पोराला मोकळं सोडा, "सकाळी पेपर देऊन दुपारी ये" नको.

परीक्षेनंतर त्याला ठेवायचंच असं बंधन नाही, तुमचं धोरण तुम्ही ठरवायचं. पण ठेवायचं असेल तर त्याच पोराचा त्याच ट्रेडमध्ये पुन्हा 'अजून एक वर्ष अप्रेंटिस' करता येत नाही. नियुक्तीपत्र द्यायचं, त्या दिवसापासून पीएफ-ईएसआय चालू करायचं. ठेवायचं नसेल तर ते त्याला दोन महिने आधी सांगा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी नाही. आणि जाताना सर्टिफिकेटबरोबर कुठल्या मशीनवर किती महिने काम केलं याचं एक साधं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर द्या, पुढच्या नोकरीत सुपरवायझर तेच आधी वाचतो. त्या पत्राची एक झेरॉक्स आयटीआयच्या सरांना नेऊन द्या, तेव्हाच पुढच्या बॅचचं बोलून या.